वन्सं रोज बघतात

१९ जानेवारी

वन्सं आज ठाण्याला परत गेल्या. जाताना आईच्या खोलीत कॅमेरा लावून गेल्या. कपाटावर, पलंगाच्या बरोब्बर समोर. कणकवलीहून माणूस बोलावला होता. इंटरनेटची वायर, भिंतीवरचा डबा, सगळं त्यांनीच केलं.

"सुजाता, तुझ्यावर विश्वास नाही असं नाही हं. पण आई न्हाणीत पडली तेव्हापासून मला झोप नाही. निदान डोळ्यांसमोर तरी राहील."

मला विचारलं नाही. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "लाव." थोरल्या बहिणीला नाही म्हणायला देवाने ह्यांना जीभच दिली नाही.

माझं शिलाई मशीन आईच्याच खोलीत. बायकांची मापं तिथेच घेते. उजेड तिथे आहे, आणि मांडीचं हाड जोडल्यापासून आईला एकटं ठेवता येत नाही. वन्संना हे सगळं माहीत आहे. तरी.

यापुढे इथे नुसतं 'कॅ.' लिहीन. एवढा मान पुरे.


२० जानेवारी

सकाळी आईचं अंग पुसत होते. कपाटावरून आवाज आला, "सुजाता, पाणी कोमट आहे ना?"

हातातला तांब्या पडला. आईच्या अंगावर धड कपडा नाही आणि वरून हे. मी चादर ओढली. पण आईचं तोंड बघण्यासारखं झालं. "रेखा? खंय आसस गो?"

"इथेच, आई. तुझ्यासमोर."

म्हातारी अशी फुलली, की मी पुढचं गिळलं.


२७ जानेवारी

आई आता सकाळी तयार होऊन बसते. चांगलं पातळ मागते, केस बांधायला लावते. मोतीबिंदूमुळे कपाटावरचं ते पांढरं डबडं तिला दिसतही नाही, पण तोंड तिकडेच. "पदर नीट कर गो. रेखा बघता."

मी म्हटलं, "माझा सांगलेला कधी आयकलंस?"

"तू रोजची. रोजच्या भाताक कोण नमस्कार करता?"

हसलो दोघी. आमचं हे असंच. ती मला भवानी म्हणते, मी तिला म्हातारे. लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर 'तुम्ही' म्हणत होते. तिनेच थांबवलं. म्हणाली, तुमी म्हणतंस तेव्हा माका तलाठ्याच्या कचेरीत बसल्यासारख्या वाटता.


३१ जानेवारी

शेजारची कमल ब्लाऊजला आली. पदर काढला, मी टेप लावली, तेवढ्यात तिची नजर वर.

"ह्यां काय गो?"

सांगितलं.

"म्हणजे तुझी नणंद ठाण्यात बसान माझी पाठ बघता?"

माप स्वयंपाकघरात घेतलं. तिथे अंधार. बगलेचा मुंढा चुकला, बाही हातात चढेना. आईने सगळं उसवून दिलं, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, बोटांनी चाचपत. हुक लावायचं कामही तिचंच. उसवलं तेही मला बोलणी ऐकवत ऐकवत. "तुझ्यापेक्षा उंदीर बरो कापता."

कॅ.मधून वन्सं: "आईला सुई नको देत जाऊ, सुजाता. बरं दिसत नाही."

कोणाला बरं दिसत नाही?


५ फेब्रुवारी

लिहू की नको. लिहिते.

दुपारी ग्रुपवर क्लिप आली. 'गोतावळा' ग्रुप, ह्यांच्या बाजूचं सगळं कुटुंब त्यात. कट्टा गावच्या मामांपासून बडोद्याच्या चुलतसासऱ्यांपर्यंत. पाठवली वन्संनी. वर लिहिलंय: "मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा." खाली रडका चेहरा.

क्लिपमध्ये मी. मशीनवर बसलेली, तोंडात टाचण्या. आई वॉकर न घेता पलंगावरून उठते आहे, पडवीत जायला. मी टाचण्या थुंकून ओरडते, "जा, पड! परत हाड मोडून घे! मी काय उचलूचंय नाय. मर थंयच!"

इथे क्लिप संपते.

त्यापुढचं सांगते, कारण ते आता फक्त आम्हा दोघींना ठाऊक आहे. आई खाली बसली, खदाखदा हसली आणि म्हणाली, "मी मेलंय तर तुझी हुकां कोण लावतला गो भवाने?" मी उठले, तिला धरून पडवीत नेलं. तिथे बसून आम्ही दोघींनी काजूचे ओले गर सोलून खाल्ले.

वन्संनी ते पाहिलंच असणार. हसण्यापर्यंत तरी नक्की, कारण बरोब्बर त्याच्या आधी कापलंय. माझं ब्लाऊजचं कापणं चुकतं. त्यांचं चुकलं नाही.


६ फेब्रुवारी

मामांचा ह्यांना फोन. स्पीकरवर होता, सगळं ऐकलं. "सासूक 'मर' म्हणता? 'तू' म्हणता? आमच्या घराण्यात असली भाषा कोणी काढली नव्हती."

हे नुसते "होय मामा, होय मामा".

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तुमी हय रवतास. तुमका ठावक नाय?"

"माका ठावक आसा गो. पण तिका काळजी आसा म्हणान केल्यान तिना. जांवदे. आयेक सांगू नको, तिका वायट वाटतला."

आईला सांगत नाही. पण ह्यांच्या सांगण्यावरून नव्हे. आईला सांगितलं तर ती आत्ता फोन मागेल, लेकीला चार शिव्या घालेल, लेक रडेल, आणि संपलं. माझी राख झाली ती झाली. इतक्या स्वस्तात नाही. हा हिशेब माझा आहे, मीच चुकता करणार.


१० फेब्रुवारी

क्लिप गावात आली. कशी आली ते विचारायचं नाही, ग्रुपला ग्रुप चिकटलेले असतात. खालच्या वाडीत एक लग्न आहे. नवरीकडच्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज माझ्याकडे ठरलेले. आज निरोप आला, कापड कट्ट्याच्या शिंप्याला दिलं.

दुकानात एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. मी साबण घेतला आणि आले.

वन्संचा कॅ.मधून आईला प्रश्न, "आई, जेवलीस का? कोणी काही बोललं का तुला?"

कोणी म्हणजे मी. मी तिथेच बसलेले.


१३ फेब्रुवारी

गंमत झाली. सकाळी आईची गोधडी वाळत घालायला जागा नव्हती म्हणून कपाटाच्या दारावर टाकली. कॅ. पूर्ण झाकला गेला. लक्षातच आलं नाही. दिवसभर तसाच. रात्री गोधडी काढताना कळलं.

दिवसभरात एक हाक नाही, "कॅमेऱ्यावर काय आलंय" अशी विचारणा नाही.

आठवून पाहिलं. आवाज शेवटचा कधी आला होता? आधी दिवसातून चारदा यायचा.


१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कॅ.ची पिन, म्हणजे भिंतीतला तो चौकोनी चार्जर, वायरीपासून सोडवून काढली. हिरवा ठिपका विझला.

बघू.


१६ फेब्रुवारी

देव आहे.

दुपारी ग्रुपवर वन्सं: "आत्ताच आईला पाहिलं. जेवून शांत झोपली आहे. लांब असूनही किती जवळ!" हात जोडलेले, फूल, दिवा. खाली मामा: "धन्य ती लेक."

आई तेव्हा झोपली नव्हती. आई अंगणात, खळ्यात खुर्चीवर बसून कमलच्या कोंबडीला शिव्या देत होती. पिन माझ्या पदराच्या टोकाशी.

दुपारच्या एसटीने पेपर आला. काढलेली पिन, विझलेला कॅ. आणि पेपरवरची तारीख, तिन्ही एका फोटोत घेतलं. वन्संचा निरोपही जपून ठेवला.

मग मशीनवर बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही. टाके असे सरळ कधी पडले नव्हते.


२५ फेब्रुवारी

आज परत. "आईला पाहिलं, हिरव्या साडीत किती गोड दिसतेय." आईकडे हिरवी साडी आहे, पण ती सकाळपासून भिजत घातलेल्या कपड्यांत. फोटो काढला. पेपर, पिन, बादली.

कमलला दाखवावंसं वाटतं. नाही दाखवणार. कमलच्या पोटात राहिलेलं आजवर काही नाही.


५ मार्च

आईचं ते रोज तयार होऊन बसणं चालूच आहे. पातळ, केस, तोंडाला पावडरसुद्धा. कपाटाकडे बघून सांगते. "चेडवा, आज पाय वायच बरो आसा." "काजीक बरे बोंडू इले." "तुझ्या भावाक खोकलो झालो, सांग तेका."

उत्तर येत नाही. म्हणते, "कामात असात." आणि पुढे बोलते.

मी मशीनवर. बोलायला हवं होतं का? पिन लावायला दोन बोटं लागतात. पण पिन लावली तरी तिकडे कोण असणार आहे? बंद कॅ. आणि चालू कॅ. यात काडीचा फरक नाही, हेच तर मला सगळ्यांना दाखवायचं आहे.

असं मी स्वतःला सांगते. पटतं.


१९ मार्च, पाडवा

वन्संचा साधा फोन, आईला. स्पीकरवर.

आई: "तू बघतंस मा माका?"

"रोज बघते आई. तुला पाहिल्याशिवाय मी चहा घेत नाही."

गुढीला साखरेची माळ घातली होती, तिचा एक तुकडा माझ्या तोंडात. कडकन चावला. दाढ दुखते आहे.


२८ मार्च

हे सकाळीच कलमांत गेलेले, आंब्याची तोडणी सुरू झाली आहे. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. आई कॅ.शी बोलत होती, नेहमीसारखी. मग आवाज बदलला. हातातलं सूप खाली ठेवलं.

"रेखा. एक सांगूचा रवला. तू दहावी झालंस तेव्हा तुका नर्सिंगाक जावचा होता. फॉर्मसुद्दा हाडलंस. मी तो चुलीत घातलंय. तुका सांगलंय, बापाशीन घातल्यान म्हणान. बापाशीन नाय. मीच. गुरां कोण बघतला, भावाक कोण बघतला, म्हणान. तू तेच्यावर बापाशीकडे कधी बोललंस नाय. तो तसोच गेलो. माझी चूक गो बाय. आता तू लांब आसस म्हणान सांगतंय, तोंडार सांगूक माका जमला नसता."

कपाटाकडे कान लावून बसली. मग म्हणाली, "आयकलंस मा?"

मी दारात उभी. पिन माझ्या पदराला. काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. आत जाऊन म्हणायचं, म्हातारे, थांब, तो बंद आहे, मी फोन लावून देते, हेच परत सांग.

केलं नाही.

का? लिहूनच टाकते. माझं बोलणं वन्संनी जिथे कापलं, त्यापुढेच खरं होतं. आता त्यांचं खरं माझ्याकडे आहे. बसू दे कापलेलं.

तांदूळ परत निवडले. खडे किती निघाले आणि किती तसेच राहिले, देव जाणे.


६ एप्रिल

आई गप्प गप्प. विचारलं तर म्हणते, "रेखा काय बोलूक नाय."

"कामात असतील."

"रागावली असात."

मी मशीन जोरात चालवलं.


१५ एप्रिल

ग्रुपवर वन्संची घोषणा. आईचं सहस्रचंद्रदर्शन. एक मे, पौर्णिमा आणि सुट्टी दोन्ही. घरीच, खळ्यात मांडव घालून. मोठा टीव्ही आणून आईची फिल्म दाखवणार, "कॅमेऱ्यातून टिपलेले आईचे क्षण". सगळ्यांनी यायचंच.

हे डोक्याला हात लावून बसले. "आंब्याच्या मोसमात?"

मी म्हटलं, "येंवदेत सगळी. बरा होतला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हे मला ओळखतात. पण विचारायचं टाळणं ही ह्यांची खासियत.

'सगळ्यांनी यायचंच.' होय. सगळ्यांनीच.


३० एप्रिल

वन्सं काल आल्या. फुलं, तबकं, दिवे, कॅटरिंगवाला, धावपळ. खरं सांगायचं तर काम करतात, त्यात खोट नाही. आईच्या खोलीतलं कपाट स्वतः पुसलं. कॅ. उचलला, फडका फिरवला, परत ठेवला. "छान चाललाय ना हा?" मला विचारलं.

"एकदम," मी म्हटलं. वायर मागे लोंबत होती.

संध्याकाळी आई त्यांचा हात धरून बसली होती. मी चहा घेऊन गेले.

आई: "तू आयकलंस मा, मी सांगलंय ता?"

वन्सं मोबाईलवर भटजींशी बोलत होत्या. फोन छातीशी धरला, म्हणाल्या, "हो गं आई. सगळं ऐकते मी तुझं."

"मगे? राग नाय मा?"

"छे! कसला राग?" आणि परत फोन कानाला.

आईने त्यांचा हात आपल्या गालाला लावला. डोळ्यांतून पाणी. वन्संना वाटलं उद्याच्या कार्यक्रमाचं. पाठ थोपटली, दुसऱ्या हाताने भटजी.

कप ठेवून मी बाहेर आले. विहिरीपर्यंत गेले आणि परत आले.

अजूनही सोडून देता येईल. आईला जे हवं होतं ते मिळालं. खोटं का असेना.

पण मग मी? ग्रुपवर मीच ती, सासूला मर म्हणणारी. जन्मभर. वन्सं धन्य लेक.

नाही.


२ मे

काल झालं.

पूजा झाली, आईला दिव्यांनी ओवाळलं, जेवणं झाली. मांडव भरलेला. मामा पुढच्या खुर्चीत. टीव्ही लागला. आई उठते, आई हसते, आई कपाटाकडे बघून हात हलवते. मागे गाणं. एका तुकड्यात माझा हात आहे, नुसता हात, औषधाचा चमचा धरलेला. सगळे तुकडे जानेवारीतले. अंगावर तीच शाल. कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग वन्संनी माईक घेतला. "लांब असले तरी असा एक दिवस गेला नाही, की मी आईला पाहिलं नाही."

टाळ्या.

मी उठले. खूप पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हणून साधंच बोलले. "वन्सं, कॅमेरा महाशिवरात्रीपासून बंद आहे. पिन मी काढली. ही बघा."

पिन टेबलावर ठेवली. मग मोबाईल काढला आणि त्यांचे निरोप वाचले, एकेक. शांत झोपली आहे. हिरव्या साडीत गोड दिसतेय. प्रत्येकानंतर माझा फोटो मामांपुढे धरला, पेपर, पिन, तारीख. मामांनी चष्मा लावला. तारीख वाचली. चष्मा काढला.

मग म्हटलं, "आणि माझी क्लिप जिथे कापलीत, त्यापुढे आई काय म्हणाली, तेही सांगा सगळ्यांना."

वन्संचं तोंड असं पांढरं पडलं. मी किती दिवस हे तोंड मनात बघत होते. अगदी तसंच होतं. एक क्षण, खरंच सांगते, असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

तेवढ्यात आई बोलली. तिने कोणाकडेच तोंड केलं नाही, कारण कोण कुठे बसलंय तेच तिला दिसत नव्हतं.

"मगे मी कोणाक सांगत होतंय?"

एवढंच.

पुढे कोण काय बोललं ते आठवत नाही. कमलने आईला आत नेलं.


२ मे, दुपार

राहिलेलं लिहिते. काल माणसं गेल्यावर वन्सं स्वयंपाकघरात आल्या. मला वाटलं मारतील. ठाण्याची भाषा गळून पडली होती.

"काय बघू गो मी? सांग! तोच पलंग, तीच खिडकी. दर दिवशी आये वायच बारीक झालेली. फोन उघडलंय की लगेच ठेवून देतंय. घरात नवरो आजारी, नोकरी, माका येवक गावत नाय. बघवत नाय होता माका!"

"मगे बघतंय म्हणान कित्याक लिवलात?"

"लाज वाटली म्हणान!"

तेवढ्यावर मी गप्प झाले असते. पण म्हटलं, "आईक बघवला नाय. माझी क्लिप बरी बघवली. बघवली, कापवली, धाडवली."

त्या पाटावर बसल्या. चुलीकडे बघत राहिल्या. मला वाटलं माफी मागतील. मागितली नाही. पहाटेच्या गाडीने गेल्या. आईच्या पाया पडल्या, आईने हात उचलला नाही.


७ मे

जिंकले म्हणायचं. मामांचा ग्रुपवर निरोप: "सूनबाई, आमचं चुकलं." खाली बाकीच्यांचे अंगठे. क्लिप पसरली तसा हाही गावात पसरला असणार, कारण आज चार बायका ब्लाऊज घेऊन आल्या. कॅ. मी उतरवला, खोक्यात घालून माळ्यावर टाकला. कमलने खोलीत पदर काढून ऐटीत माप दिलं.

आई पलंगावर. भिंतीकडे तोंड.


१३ मे

आई माझ्याशी बोलते. बोलत नाही असं नाही.

"वायच पाणी देतास?"

"तुमका वेळ गावलो तर पाय चेपा."

देतास. तुमका. चेपा.

पहिल्या दिवशी वाटलं चेष्टा करते. मी म्हटलं, "म्हातारे, गप रव. नाटकां नको." ती उत्तराला थांबली नाही. म्हणाली, "बरा, तुमी सांगतास तसा."

ब्लाऊज पुढ्यात ठेवले. हुक लावले, बोट न टोचता, नीट. उंदराचा विषय निघाला नाही.

ह्यांच्याशी मात्र पूर्वीसारखीच. हे म्हणाले, "वेळ दी तिका." ह्यांना सगळं ठाऊक होतं असं मला आता वाटतं. पिनसुद्धा. विचारलं तर म्हणाले, "माका विचारू नको."


२० मे

वन्संचा फोन रोज येतो. साधा फोन. आईला देते. आई ऐकते, "होय", "बरा", "ठेव". तीन शब्द. तिकडून रडण्याचा आवाज येतो, स्पीकर नसला तरी.

मला वाईट वाटायला हवं. थोडं वाटतं. पण त्या रडतात तेव्हा आतून कोणीतरी म्हणतं, रड. माझ्या वेळी तू रडका चेहरा पाठवला होतास. आता खरा बघ कसा असतो.

तो आवाज माझाच आहे. दुसऱ्या कोणाचा म्हणून सांगण्यात अर्थ नाही.


२६ मे

आज धीर केला. आईजवळ बसले. म्हटलं, "आये, तू वन्संक जा सांगलंस, नर्सिंगाचा, ता परत सांग. मी फोन लावून देतंय."

तिला समजलं. मी ऐकलं होतं हे तिला आत्ता पहिल्यांदा समजलं. मान वळवली नाही.

"तुमी आयकलात?"

"होय."

"तेव्हा दारात होतास?"

"होय."

मला वाटलं आता शिवी येईल. मी अक्षरशः वाट बघत बसले होते.

"माका एकदा सांगूचा होता. सांगून झाला," ती म्हणाली. "आता माका आठवणा नाय."

आठवत नाही म्हणे. तिला तिच्या लग्नातल्या पंगतीत काय काय वाढलं होतं तेसुद्धा आठवतं.


२९ मे

सकाळी वन्संचा निरोप आला. मला एकटीला. ग्रुपवर नाही.

"सुजाता, आई त्या दिवशी म्हणाली, मी कोणाला सांगत होते. काय सांगत होती ती? तू तिथेच असायचीस. मी तिला खूप विचारलं, ती सांगत नाही. तेवढं सांग. मग मला हवं तर सगळ्यांसमोर तुझी माफी मागायला लाव, मागते. पण ती काय म्हणाली?"

तीनदा वाचलं.

आई आता सांगणार नाही. म्हणजे ते वाक्य जगात माझ्याकडेच आहे, एकटीकडे. चुलीत घातलेला तो फॉर्म, आणि चाळीस वर्षं बापावर धरलेला राग, जो त्याचा नव्हताच.

टाइप केलं: "आई म्हणाली की". पुढे लिहवेना. असली गोष्ट अंगठ्याने कशी लिहायची? पुसलं. फोन लावावा म्हटलं. नाव समोर आलं आणि क्लिपच डोळ्यांपुढे आली, तोंडात टाचण्या घेतलेली मी. लावला नाही.

कपडे वाळत घातले. ह्यांना डबा दिला. आईला पेज दिली. "तुमी जेवलात?" तिने विचारलं. म्हटलं, जेवतंय.

परत मोबाईल उघडला. खाली वन्संचा दुसरा निरोप. "वाचलंस ना? निळी खूण दिसतेय मला."

दिसू दे. बसू दे बघत.

आज तरी.